सुरीचे पाणी

सन १८६० मध्ये लंडनास ‘द वाइल्ड स्पोर्ट्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता हेन्री शेक्सपिअर हा नागपूरच्या अनियमित फौजेचा अंमलदार असून दख्खनच्या रानांत वाघ, अस्वल आणि रानडुक्कर यांच्या मागावर त्याने उमेदीची वर्षे घालविली होती. शिकारीला निघणाऱ्या नवख्या माणसाने जवळ कोणती हत्यारे बाळगावीत हे सांगताना त्या पिढीचे इंग्रज शेफील्डचेच नाव घेतील अशी आपली अपेक्षा असते, कारण शेफील्ड म्हणजे त्यांच्या स्वदेशातील सुऱ्या-कात्र्यांचे माहेरघर. परंतु भाल्याचे फळ आणि कमरेची सुरी यांचा प्रश्न आला की त्यांच्या लिखाणात दोन हिंदी कारागिरांची नावे येत. एक सेलमचा अरुणाचलम, आणि दुसरा औरंगाबादचा, ज्याचे नाव इंग्रजीत ‘बोदराज’ असे लिहिलेले आढळते. अरुणाचलमच्या पात्यांवर त्याचे नाव आणि गाव रोमन अक्षरांत उमटविलेले असे. एका दाक्षिणात्य लोहाराने आपली खूण गिऱ्हाइकाच्या लिपीत ठोकावी, आणि विलायतेचा लोखंडी माल बंदराबंदरांत उतरत असताना त्या गिऱ्हाइकाने तिच्याच भरवशावर जंगलात शिरावे, या गोष्टीचा उलगडा करू गेल्यास लोखंडाच्या इतिहासात बरेच मागे आणि भूगोलात बरेच दूर जावे लागते.

प्रथम या सुरीचे काम काय ते सांगितले पाहिजे, कारण शिकारी सुरी म्हणजे जनावर मारण्याचे हत्यार अशी समजूत सर्वत्र आहे. वस्तुतः जनावर पडल्यानंतर तिचे काम सुरू होते. उन्हाळ्याच्या दिवसांत पडलेले सांबर तसेच राहू दिले तर काही तासांत मांस नासू लागते आणि कातड्याचे केस सुटतात. म्हणून जागच्या जागी पोट उघडून आतडी काढणे, कातडे सोलणे आणि सांधे मोकळे करणे ही कामे तिने एका दमात करावयाची असतात. रानडुकराच्या केसांत वाळलेला चिखल आणि रेती असते, आणि ती रेती धारेला कानशीसारखी खाते. सबब धार कठीण हवी. पण हाडाच्या सांध्यात पाते घालून पिळावे लागते, तेव्हा ते काचेसारखे तडकून चालत नाही. सबब अंग चिवट हवे. लोखंडाचा स्वभाव असा की जितके ते कठीण करावे तितके ते ठिसूळ होते आणि जितके चिवट ठेवावे तितकी धार लवकर मरते. या दोन परस्परविरोधी गुणांना चार-पाच इंचांच्या एका पात्यात सुखाने नांदविणे हा या धंद्यातील एकमेव खरा प्रश्न असून बाकी सगळा तपशील त्याच्या भोवती आहे.

आमच्या घरी अशी एक सुरी आहे. आजोबांकडे परवान्याची बंदूक होती त्या काळात, म्हणजे वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा होण्यापूर्वी, त्यांनी ती गावच्या लोहाराकडून मालमोटारीच्या कमानीच्या तुटक्या पाट्यातून करून घेतली. त्या दिवशी भाता ओढण्याचे काम मजकडे होते. त्या सुरीकडे मी पुन्हा येणार आहे.

अरुणाचलमच्या मागे जी परंपरा उभी होती ती मुशीत वितळविलेल्या पोलादाची. तेलंगणात आणि कानडी मुलखात ज्याला ‘उक्कु’ म्हणत आणि इंग्रजांनी ज्याचा ‘वूट्झ’ असा उच्चार रूढ केला, ते पोलाद करण्याची रीत ऐकावयास सोपी वाटते. शुद्ध लोखंडाचे तुकडे मातीच्या लहान मुशीत घालावयाचे, त्यांबरोबर तरवडाच्या वाळक्या काटक्या टाकावयाच्या, वर रुईची पाने झाकावयाची आणि तोंड चिखलाने पक्के लिंपून ती मूस भात्याच्या आचेत कित्येक तास ठेवावयाची. काटक्या-पानांचा आत कोळसा होतो, तो कोळसा लोखंडात मुरतो, आणि कोळशाने पोटभर झालेले लोखंड शुद्ध लोखंडापेक्षा बऱ्याच कमी आचेवर पातळ होते. मूस हळूहळू निववून फोडली की मुठीएवढा एक गोळा हाती येई, आणि त्यात कोळशाचा अंश सुमारे दीड टक्का असे. माळावर बकरीही जिला तोंड लावीत नाही ती रुई आणि चांभार ज्याची साल कातडे कमावण्यास वापरतो तो तरवड, या दोन उपेक्षित झाडांनी जगातील उत्कृष्ट पोलादाला आपला अंश द्यावा, ही गोष्ट मला विलक्षण वाटत आली आहे. आजच्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम येथे या गोळ्यांच्या खरेदीसाठी इराणातील सौदागर येऊन राहात. सतराव्या शतकात तावेर्निए या फ्रेंच प्रवाशाने गोवळकोंड्याच्या या पोलादाची इराणकडे होणारी रवानगी नमूद केली आहे. दमास्कसच्या तलवारी म्हणून ज्यांची कीर्ती युरोपभर झाली त्यांच्या पात्याचे लोखंड बहुधा दख्खनच्या मातीतून निघालेले असे, आणि नाव मात्र सीरियातील त्या शहराला मिळाले.

या कथेत मुंबईचाही एक वाटा आहे. कंपनीच्या नोकरीत मुंबईस असलेल्या डॉक्टर हेलेनस स्कॉट याने १७९४ मध्ये या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. पुढील वर्षी जॉर्ज पिअर्सन याने त्यांवर प्रयोग करून जो निबंध सोसायटीपुढे वाचला, त्याच्या मथळ्यात हे पोलाद मुंबईस तयार होत असल्याचे म्हटले आहे. माल ज्या बंदरातून आला ते बंदरच त्याचे जन्मगाव समजले गेले. त्या परीक्षेसाठी जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या नामांकित सुरीकाराने एका तुकड्यातून छोटी सुरी घडविली आणि तिने तो इतका वेधला गेला की पुढे आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रात तो हिंदुस्थानच्या या पोलादाला युरोपातील उत्तमोत्तम पोलादाहून वरचे स्थान देऊ लागला. त्याच स्टोडार्टबरोबर काम करणारा तरुण मायकेल फॅरडे याने १८२० च्या सुमारास या पोलादाच्या मिश्रणाचा छडा लावण्याचा दीर्घ खटाटोप केला. विजेच्या शोधांनी अजरामर झालेला हा शास्त्रज्ञ एका लोहाराचा मुलगा होता.

स्टोडार्टला हा गोळा साधला, पण त्याच्या पुष्कळ देशबांधवांना तो साधला नाही. युरोपातील लोहार लोखंड पांढरे होईपर्यंत तापवून घणाखाली घेण्यास सरावलेला. त्या आचेवर दख्खनी पोलाद हातोड्याचा पहिलाच घाव बसताच ढेकळासारखे फुटे. त्याला लाल रंगाच्या मध्यम आचेत धरावे लागे, हलक्या हाताने ठोकावे लागे, निवताच पुन्हा भट्टीत घालावे लागे आणि असे दिवसभर चालवावे लागे. त्या मुठीएवढ्या गोळ्यातून पाते काढावयाचे तर घडाईवाचून दुसरा मार्गच नव्हता. एवढे महाग पोलाद दगडावर घासून त्याची धूळ करणे कोणाला परवडणार? जेथे पोलाद महाग आणि माणसाचे मनगट स्वस्त तेथे सुरी घडीव होणार, आणि जेथे पोलाद स्वस्त, श्रम महाग आणि यंत्र हाताशी तेथे ती घासीव होणार. या धंद्याच्या दोन पंथांमागे तत्त्वज्ञानापेक्षा हा हिशोब अधिक आहे असे माझे मत आहे.

मराठी मुलखात ही दोन कामे दोन वेगळ्या हुन्नरांत विभागलेली होती. घडविणारा लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक, गावाला बांधलेला आणि सुगीत खळ्यावरून आपला धान्याचा वाटा नेणारा. त्याच्याच जोडीला गाढवांवर बिऱ्हाड घालून गावोगाव फिरणारा घिसाडी. पाते घासून, उजळून, त्याला धार देणारा तो शिकलगार, आणि त्याचे साधन साण. शिकलगार हा शब्द अरबी-फारशीतून आला असून त्याचा मूळ अर्थ झिलई देणारा असा आहे. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या अठरा कारखान्यांची जी यादी आहे तीत शिकारखान्याचे नाव स्वतंत्र येते, आणि दरबारी हत्यारांच्या देखभालीसाठी दोन्ही प्रकारच्या कसबी माणसांची गरज कायमचीच असे. फिरंग म्हणून ओळखली जाणारी तलवार तर युरोपातून आलेल्या पात्याला येथील मूठ बसवून होत असे. तेव्हा आपल्याकडचे पोलाद पश्चिमेकडे जात होते आणि पश्चिमेची पाती आपल्याकडे येत होती, असा तो दुहेरी व्यवहार होता. शेफील्डमध्येही घडविणारा, घासणारा आणि मूठ बसविणारा असे तीन स्वतंत्र धंदे होते. त्यांतील घासणाऱ्याचे हाल मात्र आमच्या शिकलगाराने कधी पाहिले नसतील. कोरड्या चाकावर ओणवे बसून काम करणाऱ्या त्या माणसांच्या फुप्फुसांत दगडाची आणि लोखंडाची धूळ साचे आणि काट्या-चमच्यांचे काटे घासणारे तर तिशी-पस्तिशीतच मरत. एकोणिसाव्या शतकातील डॉक्टरांनी त्या रोगाला घासणाऱ्यांचा दमा असे नावच दिले होते.

लोहाराच्या हाताखाली पाते कसे होते हे मी त्या दिवशी जवळून पाहिले. कमानीचा पाटा मुळात किंचित वाकलेला असतो. लोहाराने तो लाल करून प्रथम ऐरणीवर सरळ केला, छिन्नीने वीतभर लांबीचा तुकडा तोडला आणि एका बाजूने मुठीत जाणारी निमुळती शेपटी ओढून काढली. मग त्याने जे केले त्याचे मला नवल वाटले. सरळ केलेले पाते त्याने धारेच्या बाजूला, कोयत्यासारखे, मुद्दाम वाकविले. सुरी सरळ करावयाची असताना ती वाकडी का केली असे विचारता तो काही बोलला नाही; नुसते पाहण्याची खूण करून त्याने वाकाच्या आतली कड, म्हणजे पुढे जी धार व्हावयाची ती, हातोड्याने पातळ करण्यास आरंभ केला. पातळ होणारे लोखंड कोठेतरी पसरणारच. पाठ जाड ती जागची हलत नाही, कड मात्र लांबत जाते, आणि तिच्या लांबण्याने सारे पाते पाठीच्या दिशेने उलगडत येते. शेवटचा घाव बसला तेव्हा वाक नाहीसा होऊन पाते आपोआप सरळ झाले होते. आरंभी किती वाकवावे म्हणजे शेवटी बरोबर सरळ येईल, हा हिशोब त्याने कोठे लिहिलेला नव्हता.

त्यानंतरचे काम कानशीचे. पाते राखेत रात्रभर ठेवून मऊ केले आणि दुसऱ्या दिवशी फळीवर घट्ट बांधून त्याने दोन्ही गाल घासून समपातळीत आणले. धार मात्र त्याने काढली नाही. ती जागा जुन्या पैशाच्या नाण्याच्या कडेइतकी जाड राहू दिली. कारण पुढे पाते तापवून एकदम थंड करावयाचे असते आणि कागदासारखी पातळ कड त्या धक्क्याने तडकते किंवा लाटेसारखी वळते. म्हणजे एकाच सुरीत घडाई आणि घासाई ही दोन्ही कामे एकामागून एक येऊन गेली होती, आणि त्या लोहाराला त्यांत काही विरोध आहे अशी शंकाही नव्हती.

मग आले पाणी. मराठीत पोलाद कठीण करण्याच्या क्रियेला पाणी देणे किंवा पाणी पाजणे म्हणतात, आणि हा शब्दप्रयोग फार जुन्या संस्काराचा अवशेष आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेतील खड्गलक्षणाच्या अध्यायात शस्त्रपानाचा विचार केला आहे. कोणत्या कामनेच्या माणसाने शस्त्राला रक्त पाजावे, कोणी तूप, कोणी साधे पाणी, कोणी घोडी, सांडणी किंवा हत्तीण यांचे दूध, याची त्यात वर्गवारी आहे. ती आज आपल्याला कल्पनारम्य वाटेल. पण त्याच अध्यायात तेल चोळलेल्या शस्त्रावर रुईचा चीक, शिंगाची मषी आणि कबुतराची व उंदराची विष्ठा यांचा लेप देऊन मग पाणी पाजावे म्हणजे ते दगडावरही मोडत नाही, असे सांगितले आहे. आणि केळीचा क्षार ताकात मिसळून त्यात शस्त्र विझविण्याची रीतही दिली आहे. लेपाने थंड होण्याचा वेग पात्याच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळा राखता येतो, आणि क्षारयुक्त द्रवात तापलेले लोखंड साध्या पाण्यापेक्षा भराभर निवते, हे आजचे धातुशास्त्रही मान्य करील. फारशीत तीक्ष्ण पात्याला आबदार म्हणतात. तेथेही आब म्हणजे पाणीच.

गावच्या लोहाराने संध्याकाळ होण्याची वाट पाहिली. उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही म्हणून त्याने छपराखालचा अंधार वाढू दिला. पाते भट्टीत घालून तो मला सांगे, “पोरा, हळू. जोर नको लावू. लोखंड जळंल.” गडद लाल, मग पिकल्या डाळिंबाच्या दाण्याचा लाल. मधूनच त्याने लोहचुंबकाचा एक तुकडा पात्याला लावून पाहिला आणि तो चिकटेनासा होताच पाते आणखी किंचित तापू देऊन सांडशीने बाहेर काढले. पोलाद सुमारे ७७० अंशांपलीकडे गेले की लोहचुंबक त्याला ओढत नाही, हे मी पुढे कॉलेजात शिकलो. त्याने फक्त धारेकडचा बोटभर भाग डोणीतल्या पाण्यात टेकविला आणि तो पुढे-मागे हलवीत राहिला. चर्र आवाज झाला, वाफ उठली, पाठ मात्र अजून लालच होती. लगेच पाते वर घेऊन त्याने विटेच्या तुकड्याने एक गाल खसाखस घासून उजळ केला आणि आम्ही दोघे त्यावर वाकलो. पाठीत राहिलेली उष्णता धारेकडे सरकू लागली तसे त्या उजळ पट्टीवर रंग चालत आले: आधी निळा, त्याच्या पुढे जांभळा, त्याच्या पुढे तांबूस आणि सर्वांच्या आघाडीला वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा. तो पिवळा धारेला जाऊन टेकला आणि मधासारखा गडद होऊ लागला त्याच क्षणी लोहाराने सबंध पाते डोणीत बुडविले. आणखी दोन श्वास थांबला असता तर जांभळा धारेपर्यंत आला असता आणि सुरी मऊ पडली असती. कपाळ पुसून तो आजोबांना म्हणाला, “तात्या, धार काय, उद्या कुनीबी लावंल. पानी ऱ्हायलं पायजे. ते ऱ्हायलंय.”

सेलम आणि कोनासमुद्रम येथील भट्ट्या एकोणिसाव्या शतकात एकामागून एक विझल्या. विलायती पोलाद आगगाडीने तालुक्याच्या गावापर्यंत स्वस्त पोहोचू लागले. १८७८ च्या जंगल कायद्याने कोळशासाठी लाकूड तोडणे सरकारी मर्जीवर आले, आणि त्याच वर्षीच्या हत्यारांच्या कायद्याने रयतेच्या घरातील शस्त्रांवर परवान्याचा अंमल बसला. ज्या मुशीत उक्कु होई तिची माती कोणती, आच किती वेळ ठेवावयाची, थंड कसे करावयाचे, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे तोंडी जात असे. मुलाने भट्टी सोडून नांगराचे फाळ करण्यास घेतले की ते संपे. आमच्या लोहाराच्या वाट्याला विळे, कोयते आणि कुऱ्हाडी उरल्या. त्या कामात त्याचे कसब कमी झाले असे मी म्हणणार नाही, कारण ऊसतोडणीचा कोयता दिवसभर धार धरतो तो पाण्याच्याच बळावर.

याच शतकात शिकारी सुरीचा इतिहास अमेरिकेत जाऊन राहिला. मिसिसिपीच्या काठी १८२७ मध्ये झालेल्या एका झटापटीमुळे जेम्स बोई याची सुरी दंतकथा झाली. तथापि त्याचा भाऊ रेझिन याने १८३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रात ती सुरी आपण केवळ शिकारीच्या उपयोगासाठी करविली होती असे स्पष्ट म्हटले आहे. आर्कान्सॉ प्रांतातील वॉशिंग्टन या खेड्यात जेम्स ब्लॅक नावाचा लोहार होता आणि बोईची पुढची सुरी त्याने केली असे सांगतात. पुढे त्या प्रांताचे गव्हर्नर झालेले डॅनिएल जोन्स यांनी ब्लॅकची जी हकीकत लिहून ठेवली तीत, म्हातारपणी आंधळा झालेला हा कारागीर १८७० मध्ये आपल्या पोलादाला पाणी देण्याचे रहस्य सांगावयास बसला असता त्याला काहीच आठवेना, असा प्रसंग आहे. तो वारंवार कपाळ चोळी आणि अखेरीस सारे विसरलो म्हणून रडू लागला, असे जोन्स सांगतात. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, आपल्याकडे कित्येक भट्ट्यांवर नेमके हेच झाले.

दरम्यान शेफील्डच्या कारखान्यांनी अमेरिकेच्या बाजारात बोईच्या नावाच्या सुऱ्यांचा पूर लोटला आणि हाताने सुरी करणारे दुर्मिळ झाले. मिशिगनमधील विल्यम स्कॅगेल हा त्यांतील एक. कातड्याच्या चकत्या आणि सांबरशिंग यांची मूठ ही त्याची ओळख. १९३७ मध्ये वॉलून सरोवराकाठी एक माणूस सुरीने होडीचा जुना रंग खरवडत होता, आणि एवढे करूनही तिची धार तशीच होती. ते पाहून फ्लॉरिडाचा बो रँडल थांबला. ती सुरी स्कॅगेलची. रँडलने ती विकत घेतली, घरी जाऊन स्वतः घडविण्यास आरंभ केला, आणि दहा-पंधरा वर्षांत त्याच्या सुऱ्यांसाठी गिऱ्हाइकाला कित्येक महिने थांबावे लागू लागले. १९५० नंतरच्या त्या वर्षांत बॉब लव्हलेस हा व्यापारी जहाजावरील तरुण खलाशी न्यूयॉर्कच्या एका दुकानात रँडलची सुरी मागावयास गेला; ती इतक्यात मिळणार नाही असे कळताच त्याने भंगारातून १९३७ सालच्या पॅकार्ड मोटारीच्या कमानीचा पाटा मिळविला आणि जहाजाच्या मुदपाकखान्यातील तेलाच्या शेगडीवर तापवून त्यातून आपली पहिली सुरी ठोकून काढली. हे मी प्रथम वाचले तेव्हा आमच्या लोहाराचे छप्पर माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मोटारीच्या कमानीतील पोलाद लाखो हेलकावे सोसण्यासाठी केलेले असते. एका खलाशाने आणि एका बलुतेदाराने त्याची पारख सारखीच केली होती.

पुढे लव्हलेसने घडाई सोडली. त्याचे म्हणणे असे की कारखान्यातून येणारी पोलादाची पट्टी प्रचंड रुळांखाली आधीच दाबून निघालेली असते. हातोडा तिच्यात नवा गुण घालीत नाही, तेव्हा नकोसा भाग पट्ट्याच्या यंत्रावर घासून काढावा आणि सारे लक्ष आकारावर व आचेवर द्यावे. टोक पाठीकडून अलगद खाली उतरलेले, म्हणजे कातडे सोलताना आतड्यात रुतणार नाही असे, आणि मुठीत शेवटपर्यंत निमुळते होत जाणारे अंग, असा जो शिकारी सुरीचा आकार आज जगभर दिसतो तो त्याने रूढ केला. १९७० नंतर जेट विमानांच्या इंजिनासाठी निघालेले पोलाद त्याने सुरीला लावले. त्या वर्गातील पोलादाला नेमकी आच लागते ती यंत्राच्या भट्टीतच मिळते, आणि लोहाराच्या डोळ्याचा तेथे उपयोग नसतो.

उलट बाजूस मेरीलँडचा विल्यम मोरान. १९७३ मध्ये सुरीकारांच्या संघाच्या प्रदर्शनात त्याने लोखंड आणि पोलाद यांचे थर भट्टीत जोडून घडविलेली नक्षीदार पाती मांडली आणि घडाईचा पंथ पुन्हा उभा केला. १९७६ मध्ये घडीव सुरी करणाऱ्यांची संस्था स्थापन झाली आणि १९८८ मध्ये तिची शाळा जेम्स ब्लॅकच्या त्याच वॉशिंग्टन गावी उघडली. या संस्थेत उस्तादाची पायरी गाठू पाहणाऱ्याने स्वतः केलेल्या एकाच सुरीने इंचभर जाडीचा मोकळा लोंबणारा दोर एका फटक्यात तोडावयाचा, लाकडाचा दोन इंची वासा दोनदा छेदावयाचा, मग त्याच धारेने हातावरचे केस भादरून दाखवावयाचे आणि शेवटी पाते शेगड्यात धरून ते न मोडता काटकोनापर्यंत वाकवावयाचे. कठीणपणा आणि चिवटपणा एकत्र नांदतात किंवा नाही याची याहून प्रामाणिक परीक्षा मला ठाऊक नाही. त्याच पंथातील आल्फ्रेड पेंड्रे या नालबंदाने जॉन व्हरहोव्हेन या धातुशास्त्रज्ञाबरोबर दख्खनी पोलादाची नक्षी पुन्हा साधली आणि खनिजातील व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश त्या नक्षीच्या मुळाशी असतो असे १९९८ मध्ये दाखवून दिले. फॅरडेला जे कोडे सुटले नाही ते एका नाल ठोकणाऱ्याच्या भट्टीवर सुटावे याचा मला मनापासून आनंद वाटतो.

घडाईने पोलादाचे कण घट्ट बसतात आणि धार अधिक तिखट होते असे घडीव पंथाचे पुष्कळ लोक मानतात. आजच्या शुद्ध, एकजिनसी पोलादाच्या बाबतीत या समजुतीला आधार सापडत नाही. तसेच घासीव सुरी म्हणजे निर्जीव, ही टीकाही मला अन्यायाची वाटते. लव्हलेसचे पाते आणि मोरानचे पाते हाती घेतले तर दोन्हींत पाणी राखलेले आहे, एकाने ते यंत्राच्या काट्यावर पाहून राखले आणि दुसऱ्याने लोखंडाच्या रंगावर.

१९७२ च्या कायद्याने आपल्याकडच्या शिकारीला आळा बसला, आणि ते योग्यच झाले. आजोबांनी बंदूक सरकारजमा केली. सुरी स्वयंपाकघरात आली. चैत्र-वैशाखात लोणच्याच्या कैऱ्या फोडण्यास अडकित्ता लागतो, पण त्यांच्या फोडी बारीक करण्यास माझी आई हीच सुरी घेत असे. कैरीचा आंबट रस लागला की पाते काळवंडते, आणि धुऊन खिडकीच्या उजेडात तिरके धरले असता धारेपासून बोटभर अंतरावर, तिच्याशी समांतर, ढगाच्या कडेसारखी एक फिकट वळणदार रेघ उमटलेली दिसते. रेघेच्या खाली लोखंड वेगळ्या राखाडी रंगाचे आहे. त्या संध्याकाळी डोणीतले पाणी जेथपर्यंत आले होते तेथे ती रेघ आहे.